ट्रिनिटीची बोली इंग्रजी परीक्षा: ग्रेड निवडण्यापासून परीक्षकासमोर बसेपर्यंत

गोव्यात किंवा मुंबईत ज्या घरातलं मूल पियानो, व्हायोलिन शिकतं, त्या घराला ‘ट्रिनिटीची ग्रेड’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडन या संस्थेचं मूळ १८७२ साली संगीतासाठी निघालेल्या संस्थेत आहे आणि तिच्या संगीत परीक्षा आपल्याकडे अनेक वर्षांपासून दिल्या जातात. याच संस्थेची बोली इंग्रजीचीही परीक्षा आहे, हे मात्र फार कमी पालकांना माहीत असतं. इंग्रजी भाषेच्या परीक्षा ही संस्था १९३८ पासून घेते आहे. बोली परीक्षेचं पूर्ण नाव ‘ग्रेडेड एक्झामिनेशन्स इन स्पोकन इंग्लिश’, म्हणजे जीईएसई. संगीतासारख्याच इथेही पायऱ्या आहेत, एकूण १२.

या परीक्षेत पेपर नाही, वाचन-लेखन नाही. खोलीत एक परीक्षक आणि समोर एकटा परीक्षार्थी, आणि दोघांमध्ये गप्पा. ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी तपासलं जातं, कारण परीक्षकाचं बोलणं कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. बारावीपर्यंत इंग्रजी शिकूनही कुणाशी सलग पाच मिनिटं इंग्रजीत बोललेलो नाही, अशी आपल्याकडची असंख्य मुलं-माणसं आहेत. त्यांच्यासाठी ही परीक्षा मला फार मोलाची वाटते.

तयारीला लागण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. ही परीक्षा पाठांतराने निघत नाही. ट्रिनिटीच्या सिलॅबसमध्ये प्राथमिक ग्रेडपासूनच उच्चाराच्या अपेक्षांमध्ये ‘पाठ म्हटल्याचा सूर टाळणे’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. परीक्षकाकडे ठरावीक प्रश्नांची यादी नसते. तुम्ही जे बोलाल त्यातूनच तो पुढचा प्रश्न काढतो. आपली तयारीची सवय नेमकी याच्या उलट आहे: सरांनी निबंध लिहून द्यायचा, मुलाने तो घोकायचा, परीक्षेत ओकायचा. हा रस्ता इथे बंद आहे. पुढची प्रत्येक पायरी हे लक्षात ठेवूनच वाचा.

पायरी १: ग्रेड खरी निवडा

आयईएलटीएसमध्ये सगळ्यांची बोलण्याची परीक्षा सारखीच असते आणि शेवटी बँड ठरतो. इथे पातळी आधी निवडायची आणि त्या पातळीचीच परीक्षा द्यायची. चार टप्पे आहेत. ग्रेड १ ते ३ हा सुरुवातीचा टप्पा. परीक्षा अनुक्रमे ५, ६ आणि ७ मिनिटांची. ग्रेड ४ ते ६ प्राथमिक, १० मिनिटं. ग्रेड ७ ते ९ मध्यम, १५ मिनिटं. ग्रेड १० ते १२ प्रगत, २५ मिनिटं. युरोपीय पातळ्यांच्या भाषेत (ए१ सर्वांत खालची, सी२ सर्वांत वरची) सांगायचं तर ग्रेड २ म्हणजे ए१, ३ आणि ४ म्हणजे ए२, ५ आणि ६ म्हणजे बी१, ७ ते ९ म्हणजे बी२, १० आणि ११ म्हणजे सी१, आणि १२ म्हणजे सी२.

खालची ग्रेड दिलेली असलीच पाहिजे अशी अट नाही. थेट पाचवीला (म्हणजे ग्रेड ५ ला) बसता येतं, थेट सातवीलाही. म्हणूनच गोंधळ होतो. शेजारच्या मुलाने सहावी दिली म्हणून आपल्याने सातवी द्यावी, असं अनेक घरांत ठरतं. तसं करू नका. घरीच एक छोटी चाचणी घ्या. कालचा दिवस कसा गेला हे शिकणाऱ्याला भूतकाळात दोन मिनिटं सांगता येतं का? येत असेल तर चौथीचा विचार करा. ‘हॅव यू एव्हर’ने सुरू होणारा प्रश्न कळतो का आणि त्याचं उत्तर त्याच काळात येतं का? मग पाचवी. ‘पाऊस पडला तर काय करशील’ हे इंग्रजीत जमतं का? सहावी. ‘तू मुख्यमंत्री असतास तर काय केलं असतंस’ असल्या कल्पनेच्या प्रश्नाला ‘आय वुड’ने उत्तर येतं का? सातवी. अडखळत का होईना, पण उत्तर आलं तर ती ग्रेड तुमची. प्रश्नच मराठीतून समजावून सांगावा लागला, तर एक पायरी खाली या. खालच्या ग्रेडला ‘डिस्टिंक्शन’ मिळालेलं मूल पुढच्या वेळी आपण होऊन बोलायला जातं. वरच्या ग्रेडला नापास झालेलं मूल इंग्रजीपासूनच दूर पळतं.

पायरी २: सिलॅबसचं आपल्या ग्रेडचं पान समोर ठेवा

सिलॅबस ट्रिनिटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. बाजारातली गाइडं घेण्याआधी तो उतरवून घ्या. प्रत्येक ग्रेडसाठी तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: संवादाची कौशल्यं, भाषेचे उपयोग (म्हणजे आवड सांगणं, तुलना करणं, सल्ला देणं वगैरे), आणि व्याकरण, शब्द व उच्चार. प्राथमिक आणि मध्यम ग्रेडमध्ये संभाषणासाठी सहा विषयांची यादीही असते.

वहीचं एक पान घ्या, त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात ग्रेडचं व्याकरण, दुसऱ्यात विषय, तिसऱ्यात शिकणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट, जिच्यात तो विषय आणि ते व्याकरण दोन्ही आपोआप येतात. तिसरा रकाना भरायला वेळ लागतो, पण खरी तयारी तीच.

पायरी ३: पहिल्या तीन ग्रेड (लहान मुलं आणि पहिल्यांदाच बोलणारे)

ग्रेड १ मध्ये स्वतःची माहिती, वर्गातल्या आणि घरातल्या जवळच्या वस्तू, चेहरा आणि शरीराचे अवयव, प्राणी, कपडे, रंग आणि २० पर्यंतचे आकडे येतात. ग्रेड २ मध्ये घरातल्या खोल्या आणि वस्तू, कुटुंब आणि मित्र, पाळीव प्राणी, वार, महिने आणि ५० पर्यंतचे आकडे. ग्रेड ३ मध्ये व्यवसाय, आपला परिसर, शाळा, घरातली दिनचर्या, हवामान, मोकळा वेळ, वेळ आणि तारखा.

परीक्षक चित्रं आणि वस्तू दाखवतो, ‘टच युवर नोज’, ‘पॉइंट टू द रेड बुक’ अशा सूचना देतो. ग्रेड १ मध्ये एका-दोन शब्दांचं उत्तरही चालतं, म्हणून मुलाला प्रत्येक वेळी पूर्ण वाक्यात बोलायला लावून हैराण करू नका. त्यापेक्षा क्रम मोडा. आपली मुलं आकडे आणि वार एका सुरात म्हणतात. मधला कुठलाही आकडा विचारला की पहिल्यापासून मोजायला लागतात. म्हणून जिन्याच्या पायऱ्या, गाड्यांचे नंबर, डब्यातल्या पोळ्या अशा जिथे जमेल तिथे सुटे आकडे विचारा. ‘गुड मॉर्निंग टीऽऽचर’ हा वर्गात शिकवलेला लांबलचक सूरही मोडायला हवा. एका माणसाला नमस्कार करताना जो आवाज असतो, तोच इथे हवा.

या सुरुवातीच्या टप्प्यातच मुलाने परीक्षकालाही साधा प्रश्न विचारणं अपेक्षित असतं. हा सराव घरात आजी-आजोबांबरोबर करा. मुलाने इंग्रजीत विचारायचं, आजीने मराठीत उत्तर दिलं तरी चालेल. इथे प्रश्न विचारण्याची सवय लावायची आहे.

पायरी ४: टॉपिक आणि टॉपिक फॉर्म

ग्रेड ४ पासून परीक्षेचा पहिला भाग परीक्षार्थीच्या हातात असतो. आपल्या आवडीचा एक विषय निवडायचा, त्याचे मुद्दे टॉपिक फॉर्मवर लिहायचे आणि फॉर्म परीक्षकाला द्यायचा. ग्रेड ४ ला चार मुद्दे, ५ ला पाच, ६ ला सहा. या भागासाठी पाच मिनिटांपर्यंतचा वेळ असतो.

बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून उतरते, कारण लोक याला भाषण समजतात. प्राथमिक आणि मध्यम ग्रेडमध्ये हे भाषण नाही. परीक्षक फॉर्म बघतो आणि कुठल्याही मुद्द्यावरून सुरुवात करतो. तिसऱ्या मुद्द्यावरून पहिल्यावर जाईल, चौथ्यातच रमेल, एखादा मुद्दा सोडूनही देईल. पाठ करून आलेलं मूल अशा वेळी बावचळतं. ‘आधी पहिला मुद्दा सांगू का’ असं त्याच्या चेहऱ्यावर उमटतं.

विषय निवडताना एक नियम पाळा: त्या ग्रेडच्या संभाषणाच्या यादीत असलेला विषय टॉपिक म्हणून घेऊ नका. ग्रेड ४ च्या यादीत सुट्ट्या, खरेदी, शाळा आणि काम, छंद आणि खेळ, खाणं, आणि शनिवार-रविवारचे व ऋतूंनुसारचे उद्योग असे विषय आहेत. ग्रेड ५ मध्ये सण, प्रवासाची साधनं, खास प्रसंग, करमणूक, संगीत आणि नुकतेच आलेले अनुभव. म्हणजे ‘आमच्याकडचा गणपती’ हा विषय चौथीला चालेल, पाचवीला नको. ‘माझी कबड्डी’ चौथीला नको, पण पाचवीला उत्तम.

आता पाचवीसाठी कबड्डीचेच मुद्दे कसे मांडायचे ते पाहू. ग्रेड ५ च्या व्याकरणात वर्तमान पूर्णकाळ आहे, त्याच्याबरोबर ‘फॉर’, ‘सिन्स’, ‘एव्हर’, ‘नेव्हर’, ‘जस्ट’. पुढचं सांगण्यासाठी ‘विल’. कारण जोडायला ‘बिकॉज’. प्रमाण सांगणारे शब्द. आणि ‘आय प्रिफर’सारखी पसंती. मग मुद्दे असे पाडा. मी खेळायला कशी लागले: यात साधा भूतकाळ येतो. आमचा संघ: ‘आय हॅव प्लेड विथ देम फॉर थ्री यर्स’ आपोआप येतं. नुकताच झालेला सामना: ‘वी हॅव जस्ट वन’. मला चढाई का आवडते आणि पकड का नाही: पसंती आणि कारण दोन्ही आले. पुढच्या हंगामात काय होईल: ‘विल’. पाच मुद्दे, आणि प्रत्येकात ग्रेडचं व्याकरण आधीच दडलेलं. परीक्षक कुठूनही शिरला तरी तुमच्या तयारीच्या जागेवरच येतो.

फॉर्मवर पूर्ण वाक्यं लिहू नका, दोन-चार शब्द पुरे. आणि विषय खरोखर तुमचा असू द्या. ‘ग्लोबल वॉर्मिंग’ हा विषय भारी वाटतो म्हणून घेतलेलं मूल दुसऱ्या प्रश्नालाच गप्प होतं. ज्याच्या बाबांचं गॅरेज आहे त्याने गॅरेजवर बोलावं. स्पार्क प्लग, पंक्चर, ऑइल हे शब्द तर इंग्रजीतूनच आलेले आहेत. कोकणातल्या मुलीने हापूसच्या कलमांबद्दल बोलावं. परीक्षकाला ती माहिती नवी असते, त्यामुळे तो मनापासून प्रश्न विचारतो आणि गप्पा खऱ्या होतात. फोटो, चित्र, छोटी वस्तू बरोबर नेता येते. जिवंत प्राणी आणि धोकादायक वस्तू मात्र नेऊ देत नाहीत, हे कोंबडी किंवा कुत्र्यावर बोलणाऱ्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

सरावाची पद्धत सोपी आहे. मुद्द्यांच्या चिठ्ठ्या करा. घरातल्या कुणीही एक उचलावी आणि त्यावर तीन प्रश्न विचारावेत. प्रश्न मराठीत सुचला तरी चालेल, त्याचं इंग्रजी दोघांनी मिळून करा. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारणारा माणूस बदला. एकच माणूस विचारत राहिला तर महिन्याभरात त्याचेही प्रश्न पाठ होतात.

पायरी ५: संभाषण, आणि मराठी माणसाच्या ठरलेल्या चुका

टॉपिकनंतर परीक्षक यादीतले दोन विषय निवडतो आणि त्यांवर बोलतो. कोणते दोन, हे आधी कळत नाही, म्हणून सहाही विषय तयार हवेत. प्रत्येक विषयासाठी स्वतःची एकच ठोस आठवण तयार ठेवा. ‘फेस्टिव्हल्स आर व्हेरी इम्पॉर्टंट इन इंडिया’ असल्या वाक्यांपाशी गप्पा संपतात. ‘लास्ट गणपती, अवर लाइट्स वेंट आउट ड्युरिंग द आरती’ या वाक्यानंतर परीक्षक पुढे काय झालं ते विचारणारच.

प्रश्नातला काळ कानांनी पकडायला शिका. परीक्षक ग्रेडचं व्याकरण मुद्दाम प्रश्नात घालतो. ‘हाउ लाँग हॅव यू लिव्ह्ड इन सांगली?’ या प्रश्नात ‘हॅव’ ऐकू आलं की उत्तरात ‘हॅव’ आणि ‘फॉर’ किंवा ‘सिन्स’ हवं. पुष्कळांना प्रश्नाचा अर्थ कळतो, पण उत्तर ‘आय लिव्ह देअर’ असं येतं. माहिती बरोबर असते, पण ग्रेडची भाषा दाखवण्याची संधी जाते.

मराठी बोलणाऱ्यांच्या काही चुका इतक्या सारख्या आहेत की त्या वेगळ्या काढून घासाव्या लागतात. पहिली आणि सर्वांत हट्टी चूक ‘होतो’ची. आपण ‘काल बाजारात गेलो होतो’ असं सहज म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘यस्टर्डे आय हॅड गॉन टू द मार्केट’ येतं. इंग्रजीत इथे साधं ‘वेंट’ पुरतं. ‘हॅड’ तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगायची असते; आणि तो काळ ग्रेड ८ मध्ये अपेक्षित आहे. चौथी-पाचवीच्या मुलाने ‘हॅड गॉन’ म्हटलं की त्याला वाटतं आपण वरचं इंग्रजी बोललो, पण ते वाक्य चुकलेलं असतं.

दुसरी चूक ‘पासून’ची. ‘दोन वर्षांपासून’ म्हणून ‘सिन्स टू यर्स’ किंवा ‘फ्रॉम टू यर्स’ येतं. कालावधी असेल तर ‘फॉर टू यर्स’, सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स २०२२’.

तिसरी चूक ऐकण्यातली, आणि ती कुणी शिकवतच नाही. ‘जेवला नाहीस का?’ याला आपण ‘हो, नाही जेवलो’ म्हणतो. हो म्हणजे ‘तुमचं म्हणणं बरोबर’. इंग्रजीत ‘हॅवन्ट यू सीन इट?’ याला ‘यस’ म्हटलं की अर्थ होतो ‘पाहिलंय’. परीक्षक तुम्ही ते पाहिलंय असं धरून पुढचा प्रश्न विचारतो आणि दोघंही चुकीच्या वाटेला लागतात. नकारार्थी प्रश्नांना उत्तर देताना ‘यस’ किंवा ‘नो’ म्हणून थांबू नका. ‘नो, आय हॅवन्ट’ असं पुढचं अर्ध वाक्य जोडण्याची सवय लावा.

प्रश्नांमधली शब्दांची उलटापालट (‘व्हेअर यू आर गोइंग’ नव्हे, ‘व्हेअर आर यू गोइंग’), ‘मायसेल्फ सुनीता’ने ओळख करून देणं, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणणं, ‘अ’ आणि ‘द’ गाळणं या बाकीच्या चुका तुम्हाला माहीत असतीलच. त्यातल्या एका वेळी एकच धरा आणि आठवडाभर फक्त तीच दुरुस्त करा. सगळ्या एकदम सुधारायला गेलात तर शिकणारा बोलायचंच थांबतो.

उच्चाराबद्दल थोडंच सांगतो. ब्रिटिश ढब आणायची गरज नाही, परीक्षक ती मागत नाही. बोलणं सहज कळलं पाहिजे, एवढंच. तरी भूतकाळाचा शेवट नीट ऐकवा: ‘वॉक्ड’ला ‘वॉकेड’ म्हणू नका. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतली ऱ्हस्व-दीर्घ ‘इ’ वेगळी ठेवा. आणि इंग्रजी वाक्यात महत्त्वाच्या शब्दावर जोर पडतो हे लक्षात असू द्या. सगळे शब्द एकाच वजनाने गेले की तेच पाठ केल्यासारखं वाटतं.

पायरी ६: ग्रेड ७ पासूनचा इंटरॅक्टिव्ह टास्क

मध्यम ग्रेडमध्ये टॉपिक आणि संभाषण यांच्या मध्ये चार मिनिटांपर्यंतचा एक नवा भाग येतो. परीक्षक एक परिस्थिती सांगतो, समजा: ‘माझ्या भावाला शहरातली नोकरी सोडून गावी जायचंय, आणि मला काही ते पटत नाही.’ एवढं बोलून तो थांबतो. पुढची गाडी परीक्षार्थीने हाकायची: प्रश्न विचारायचे, माहिती काढायची, मत मांडायचं, सल्ला द्यायचा.

अभ्यासू मुलं इथे हमखास अडकतात, आणि त्याचं कारण इंग्रजीत नाही, आपल्या वळणात आहे. मोठ्यांना उलट प्रश्न विचारू नये, विचारलं तेवढंच बोलावं, हे आपण लहानपणापासून शिकतो. परीक्षकासमोर तोच शिष्टाचार पाळून मूल गप्प बसतं आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहतं. परीक्षकही थांबलेला असतो. ती शांतता गुण खाते. म्हणून मुलांना निक्षून सांगा: इथे प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे, तेच तुझं काम आहे.

जमवायचं कसं? शेजारीण दारात येऊन ‘काय सांगू तुला, काल काय झालं!’ म्हणते, तेव्हा आपण काय करतो ते आठवा. ‘काय झालं? मग? त्यांना कळलं का? तू काय म्हणालीस? मी असते ना, तर सरळ सांगून टाकलं असतं.’ हा टास्क अगदी तसाच आहे. आधी माहितीचे दोन प्रश्न, मग कारणाचा एक, मग आपली प्रतिक्रिया, मग सल्ला, आणि सल्ल्यावर पुन्हा प्रश्न. ग्रेड ७ मध्ये सल्ल्यासाठी ‘शुड’, ‘ऑट टू’ आणि कल्पनेसाठी ‘इफ आय वर यू, आय वुड’ हे नेमकं इथेच वापरायचं. परीक्षक उत्तर देतो ते कान देऊन ऐका, कारण पुढचा प्रश्न त्यातूनच सुचायला हवा. आधी ठरवलेले पाच प्रश्न ओळीने विचारत गेलात, तर ऐकत नाही आहात हे लगेच उघडं पडतं.

सराव रोज करता येतो. घरातल्या कुणीही एका वाक्यात आपली अडचण सांगावी: ‘गॅस संपलाय आणि पाहुणे येताहेत.’ शिकणाऱ्याने चार मिनिटं इंग्रजीत ती उलगडावी. घड्याळ लावा. पहिल्या दिवशी दीड मिनिटातच संपेल, हरकत नाही.

सातवीपासून संभाषणाचे विषयही बदलतात: शिक्षण, राष्ट्रीय चालीरीती, खेडं आणि शहर, स्थानिक उत्पादनं, लहानपणच्या आठवणी, प्रदूषण आणि पुनर्वापर. आपल्याकडच्या माणसाला यातल्या प्रत्येकावर सांगण्यासारखं भरपूर असतं. ग्रेड ९ मध्ये स्वप्नं, गुन्हा आणि शिक्षा, तंत्रज्ञान, सवयी असे विषय आहेत. तिथे आठवणींपेक्षा मतं जास्त लागतात.

प्रगत ग्रेड, थोडक्यात

ग्रेड १० पासून परीक्षा पाच भागांची होते: पाच मिनिटांपर्यंतचं औपचारिक सादरीकरण, त्यावर चर्चा, इंटरॅक्टिव्ह टास्क, ऐकण्याचा वेगळा टास्क, ज्यात परीक्षक छोटे उतारे वाचून दाखवतो, आणि शेवटी संभाषण. सादरीकरण भाषणासारखं असलं तरी इथेही लिहून आणलेलं वाचणं किंवा घोकलेलं म्हणणं चालत नाही. विषय असा घ्या ज्यात दोन बाजू आहेत, कारण नंतरच्या चर्चेत परीक्षक दुसरी बाजू घेतो. या पातळीवर पोहोचलेल्या माणसाला लेखातून फारसं शिकवता येत नाही. त्याला इंग्रजीत वाद घालणारा एखादा मित्र हवा.

ब्रिटनच्या व्हिसासाठी परीक्षा देणाऱ्यांना

लग्न होऊन ब्रिटनला जाणाऱ्या मराठी मुली-मुलांचा आणि त्यांच्या घरच्यांचा इथे नेहमी घोळ होतो. जीईएसईच्या काही ग्रेड तिथल्या गृह खात्याने मान्य केलेल्या आहेत: जोडीदाराच्या व्हिसासाठी ए१ म्हणजे ग्रेड २, तो वाढवताना ए२ म्हणजे ग्रेड ३, कायम वास्तव्य आणि नागरिकत्वासाठी बी१ म्हणजे ग्रेड ५. पण व्हिसासाठी चालते ती याच ग्रेडची ‘सेल्ट’ नावाची वेगळी, सुरक्षित परीक्षा, आणि ट्रिनिटीची सेल्ट केंद्रं फक्त ब्रिटनमध्ये आहेत. भारतातल्या एखाद्या केंद्रावर दिलेल्या साध्या जीईएसईचं प्रमाणपत्र व्हिसाच्या अर्जाला उपयोगाचं नाही. इथून पहिल्यांदा अर्ज करायचा असेल तर भारतात मिळणारी दुसरी मान्य परीक्षा घ्यावी लागते, उदाहरणार्थ आयईएलटीएस लाइफ स्किल्स. तीही फक्त बोलणं-ऐकणं तपासते, आणि तिच्यात परीक्षकासमोर दोन परीक्षार्थी एकत्र बसतात. सेल्टचा निकाल दोन वर्षं धरला जातो. अर्ज करण्याआधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ताजे नियम स्वतः वाचा, एजंटच्या शब्दावर विसंबू नका.

तिथे राहणाऱ्या आई-बाबांसाठी किंवा जोडीदारासाठी ग्रेड ५ ची तयारी करत असाल, तर वर सांगितलेली टॉपिकची पद्धत जशीच्या तशी वापरा. मोठ्या माणसांना विषय शोधून देऊ नका, त्यांना विचारा. तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईंना ‘हाउ लाँग हॅव यू’चं उत्तर आयुष्यानेच तयार करून दिलेलं असतं.

शेवटचा आठवडा आणि परीक्षेचा दिवस

शेवटच्या आठवड्यात नवं काही शिकवू नका. रोज थोडा वेळ इंग्रजी ऐका: बीबीसी लर्निंग इंग्लिशचे कार्यक्रम, आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या, सामन्याचं समालोचन, जे आवडेल ते. स्वतःचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून एकदा ऐका. सूर पाठ केल्यासारखा झाला असेल तर तो लगेच कळतो. उपाय म्हणून तोच मुद्दा शेवटाकडून सांगून बघा.

न कळलेला प्रश्न पुन्हा विचारायची दोन-तीन वाक्यं जिभेवर असू द्या: ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ किंवा ‘डू यू मीन माय स्कूल ऑर माय क्लास?’ दुसरं वाक्य जास्त चांगलं, कारण तुम्हाला अर्धा प्रश्न कळला हे त्यातून दिसतं. न समजता ‘यस, यस’ म्हणत राहण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पुन्हा विचारणं हेही संवादाचंच कौशल्य आहे.

त्या दिवशी टॉपिक फॉर्म, ओळखपत्र आणि टॉपिकसाठी आणलेली वस्तू बरोबर घ्या आणि वेळेआधी पोहोचा. मुलांना सांगून ठेवा: परीक्षक मध्येच काहीतरी लिहील, बोलणं अर्ध्यात थांबवून दुसऱ्या भागाकडे जाईल. ते वेळेमुळे, तुझं काही चुकलं म्हणून नव्हे. कसं झालं हे तो तिथे सांगत नाही, त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका. परीक्षेनंतर गाडीत बसल्या बसल्या ‘काय काय विचारलं, तू काय सांगितलंस’ अशी उलटतपासणीही नको.

निकाल येतो तेव्हा आधी ‘पास’, ‘मेरिट’ की ‘डिस्टिंक्शन’ हे पाहिलं जातं, ते साहजिक आहे. त्यानंतर प्रत्येक भागाचं वेगळं मूल्यमापन शांतपणे वाचा. टॉपिक चांगला आणि संभाषण कच्चं असं दिसलं, तर घरात अजून पाठांतर चाललं आहे. मग पुढच्या ग्रेडची घाई न करता दोन-तीन महिने फक्त चिठ्ठ्या आणि अनोळखी प्रश्न यांवर घालवा. उलट संभाषण चांगलं आणि टॉपिक कमी पडला असेल, तर विषय चुकला होता. दुसरा निवडा आणि वरची ग्रेड खुशाल भरा.